भिंतीच्या पोटातले

वास्तूच्या आराखड्यात सर्वांत कमी विचार करून काढल्या जाणाऱ्या रेघा कोणत्या, असे कुणी विचारले तर मी हॅचच्या, असे उत्तर देईन. छेद घेतलेल्या भिंतीच्या दोन कडांमध्ये ज्या तिरप्या रेघा, ठिपके, विटांचे थर किंवा काँक्रीटचे त्रिकोण भरलेले असतात त्यांना आमच्या व्यवसायात हॅच म्हणतात, आणि ते भरण्याच्या क्रियेला 'हॅच मारणे'. क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. भिंत आम्ही काढतो, खिडकी बसवतो, जिना चढवतो. हॅच मात्र मारतो, शिक्का मारावा तसा. आराखडा छापायला जाण्याआधीचे हे शेवटचे काम, आणि बहुधा कार्यालयातल्या सर्वांत नवख्या माणसाकडे सोपवलेले.

वास्तविक आराखड्यातली बाकीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट जागेवर जाऊन पडताळता येते. खिडकीची रुंदी फितीने मोजता येते, पायऱ्या मोजता येतात. भिंतीचे पोट मात्र कुणाला दिसत नाही. छेद म्हणजे इमारत सुरीने कापली आहे अशी कल्पना, आणि हॅच म्हणजे त्या कापावर काय दिसले असते याविषयी केलेले विधान. ते विधान करणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक असते, असे वाचणारा धरून चालतो.

मी शिकत होते तेव्हा हे विधान हाताने करावे लागे. ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनाने एकेक तिरपी रेघ, अंतर नजरेने सांभाळायचे, आणि ओल्या शाईवर मनगट टेकू द्यायचे नाही. त्या दिवसांविषयी हळवे होण्याचे मला काही कारण दिसत नाही. मान दुखे आणि रविवार वाया जात. पण अर्धा तास एकाच भिंतीत रेघा भरत बसलेल्या माणसाच्या मनात ही भिंत कशाची आहे, हा प्रश्न एकदा तरी येऊन जाई. संगणकावर तो येण्याइतका वेळच मिळत नाही. बंद आकृतीच्या आत टिचकी मारली, की भिंत भरली.

या टिचकीमागे काय घडते हे पाहणे मनोरंजक आहे. ऑटोकॅडचे सगळे पॅटर्न एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असतात आणि ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. पॅटर्नचे नाव, त्याचे एका ओळीचे वर्णन, आणि खाली आकड्यांच्या ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे समांतर रेघांचे एक कुटुंब: रेघेचा कोन, ती कुठून सुरू होते, पुढची रेघ किती सरकून आणि किती अंतरावर येते. त्यापुढे रेघ तुटक हवी असल्यास तुकड्यांची लांबी. धन आकडा म्हणजे पेन टेकलेले, ऋण म्हणजे उचललेले, शून्य म्हणजे ठिपका. बस्स, एवढेच व्याकरण. यात वक्ररेषेला जागा नाही आणि योगायोगालाही नाही. काँक्रीटसाठी जो पॅटर्न सर्रास वापरला जातो त्यातली खडी सहज विखुरल्यासारखी दिसते, पण तिथला प्रत्येक त्रिकोण म्हणजे तीन वेगवेगळ्या कुटुंबांतल्या रेघांचे तुकडे नेमके एकमेकांना भेटतील असा मांडलेला हिशोब आहे. मोठ्या क्षेत्रावर तो भरून जरा दुरून पाहिले, की तीच खडी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येताना दिसते.

या फायलीत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती अ‍ॅन्सी ३१ या नावाच्या पॅटर्नची नोंद. पंचेचाळीस अंशांतल्या साध्या तिरप्या रेघा, एकमेकींपासून एक अष्टमांश इंचावर. बहुतेक कार्यालयांत पहिला हात याच पॅटर्नवर जातो. त्याचे वर्णन म्हणून फायलीत लिहिले आहे: लोखंड, वीट, दगडी बांधकाम. तिन्हींसाठी एकच! म्हणजे ही तिरपी रेघ मुळात 'इथे कापले आहे' एवढेच सांगते. कशाला कापले, हे सांगण्याची जबाबदारी ती घेत नाही. हा तिचा प्रामाणिकपणा आहे असे मी मानते. विटांचे थर दाखवणारा पॅटर्न त्याहून पुष्कळ अधिक बोलतो, आणि म्हणून अधिक वेळा खोटे बोलतो.

व्यवस्थापनाच्या नेहमीच्या कटकटी मी थोडक्यात आटोपते. हाच पॅटर्न मिलिमीटरच्या फायलीत ३.१७५ या अंतराने लिहिलेला असतो. इंचाची फाइल मिलिमीटरच्या आराखड्यात चुकून लागली, तर रेघा २५.४ पट दाट होतात आणि भिंत काळी ठिक्कर पडते. आकृतीची कड कुठे केसभर उघडी राहिली, तर पॅटर्न भरायलाच नकार मिळतो. आणि आराखडा खऱ्या मापात काढून १:१०० मध्ये छापायचा, तर पॅटर्नही शंभरपट करावा लागतो. तोच भाग १:५० मध्ये छापला तर रेघा दुप्पट विरळ दिसतात. २००८ च्या आवृत्तीपासून प्रमाणानुसार आपोआप बदलणारे हॅच आले आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली. असो.

रेव्हिट या प्रणालीने मात्र या विषयात एक तात्त्विक म्हणावा असा भेद केला. तिथे पॅटर्न दोन जातींचे. एक कागदाशी इमान राखणारा: आराखडा कोणत्याही प्रमाणात छापा, त्याच्या रेघा कागदावर तेवढ्याच अंतरावर राहणार. दुसरा इमारतीशी इमान राखणारा: त्यातली दहा इंची लादी म्हणजे खरोखर दहा इंचांची लादी, तिची रेघ सरकवता येते, तिच्यापासून माप घेता येते. पहिला खूण आहे, दुसरा वस्तू. जमिनीच्या फरशीसाठी दुसराच हवा, कारण फरशी बसवणारा मिस्त्री दोरी धरून आधी हेच ठरवतो, की अखंड लादी दारात येईल आणि कापलेले तुकडे कपाटामागच्या कोपऱ्यात जातील. पॅटर्नचा आरंभबिंदू आराखड्याच्या शून्यावर तसाच सोडून दिला, तर कागदावर उंबऱ्याशी दोन इंचांची चिंधी येते. मिस्त्री तो कागद बाजूला ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

पण छेदातल्या भिंतीसाठी रेव्हिट फक्त पहिली जात वापरू देते. म्हणजे कापलेल्या भिंतीत दिसणाऱ्या विटा मोजायच्या नसतात. ती खूण आहे, हे प्रणालीच मान्य करते. अडचण अशी की हा पॅटर्न भिंतीला नव्हे, तर तिच्या पदार्थाला जोडलेला असतो. भिंत वीटकामाची आहे असे एकदा म्हटले, की प्रत्येक मजल्याच्या, प्रत्येक छेदात ती खूण आपोआप उमटते. एकाच वाक्याच्या शंभर प्रती निघतात, आणि शंभरदा वाचलेले वाक्य खरे वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याची मोजणी आमच्याकडे आली तेव्हा हे फार जवळून पाहायला मिळाले. तळमजल्याच्या भिंती दोन फूट जाड. एके ठिकाणी गिलावा पडून पातळ जुन्या विटा दिसत होत्या, जिन्याखाली दगड. मालक दोघे भाऊ. त्यांना मधली भिंत आठ फूट फोडून रस्त्याकडच्या दुकानाला मागची खोली जोडायची होती. नगरपालिकेच्या नकाशाची भाषा यासाठी तयारच असते: पाडायचे बांधकाम पिवळ्या हॅचने, नवे लाल भरून. भिंतीचे काय होणार हे त्यात लिहिता येते; भिंत कशाची आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. आमच्या फायलीत वीटकाम हा पदार्थ हाताशी होता, आणि दिसलेल्या चार विटांच्या भरवशावर तो दोन फुटांच्या भिंतीला लावणे अगदी सोपे होते.

मी 'अज्ञात' नावाचा एक पदार्थ तयार केला, त्याला कोणताही पॅटर्न दिला नाही, आणि सगळ्या जुन्या भिंती त्याच्या केल्या. छापील आराखड्यात जाड कडांच्या आत कोरा कागद. थोरल्या भावांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "मॅडम, हे रंगवायचं राहिलंय का?" मी म्हटले, आत काय आहे ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही, म्हणून राहू दिले आहे. त्यांना ते फारसे पटले नाही. पैसे पूर्ण आराखड्याचे दिले होते, आणि भरलेली भिंत पूर्ण दिसते, हे मलाही मान्य आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी मात्र त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तीन ठिकाणी भिंत उघडायला सांगितली. दोन बाजूंना विटांचे पडदे आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे, असे दोन ठिकाणी निघाले. तिसऱ्या ठिकाणी, नेमके जिथे भोक पाडायचे होते तिथे, भिंतीत गाडलेला लाकडी खांब होता. वरच्या मजल्याची तुळई त्यावर टेकलेली, आणि बुंधा वाळवीने पोखरलेला. दुकानाचे दार चार फूट बाजूला सरकले आणि खांबाला लोखंडी आधार आला.

मग त्या तीन जागा भरायच्या होत्या. माती आणि दगडांच्या भरावासाठी योग्य पॅटर्न तयार संग्रहात नाही. मातीचा म्हणून जो आहे तो वाचणाऱ्याला जमीनच सुचवतो. आम्ही सात-आठ ओळींचा एक नवा पॅटर्न लिहिला, विरळ ठिपके आणि मधून मधून छोटे तुकडे, आणि सूचीत त्याला 'भराव, उघडून पाहिलेला' असे नाव दिले. उरलेल्या सगळ्या भिंती त्या फायलीत अजून 'अज्ञात'च्या आहेत. त्या उघडण्याची वेळ आली नाही.