निर्लेखित संगणक

एप्रिल २०११ मधली गोष्ट आहे. मी तेव्हा बंगळूरला केंद्र सरकारच्या एका कार्यालयाचा प्रमुख होतो. दर सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक तमिळभाषी बाई येऊन बसत. त्यांचे यजमान आमच्याकडे सफाई कामगार होते आणि डिसेंबर २०१० मध्ये सेवेत असतानाच वारले होते. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद वेळेवर गेले होते. अडले होते ते भविष्यनिर्वाह निधीचे अंतिम प्रदान. बाई कधी तक्रार करत नसत. बाकावर बसत, मी आत जाताना उठून उभ्या राहत आणि बारा वाजले की निघून जात. आमच्या नोकरीत भांडणाऱ्या अर्जदाराला तोंड देणे सोपे असते. हे उठून उभे राहणे मात्र फार जड जाते.

अडचण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ड गटातील कर्मचाऱ्यांची निधीची खाती पूर्वी लेखा कार्यालयाकडे नसत, कार्यालयप्रमुखाकडेच असत. सहाव्या वेतन आयोगानंतर ड गट क गटात विलीन झाला आणि ही खाती लेखा कार्यालयाकडे सोपवावी लागली. सोपवताना या कामगाराच्या खात्यातील १९९९ ते २००२ या तीन आर्थिक वर्षांच्या जमेला आधार नाही, असा आक्षेप आला आणि तेवढी रक्कम शिलकेतून वजा झाली. वर्गणी दरमहा ४०० रुपये, म्हणजे मुद्दल १४,४००. एवढ्याशा रकमेचे काय, असे म्हणणारा एक अधीक्षक मला भेटलाही. पण निधीचे व्याज १९९९-२००० मध्ये १२ टक्के होते. पुढे ११, साडेनऊ, ९ असे उतरत २००३-०४ पासून ते ८ टक्क्यांवर स्थिरावले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चक्रवाढीची सवय असते, म्हणून मी एका संध्याकाळी कागदावर मांडून पाहिले. मार्च २०११ अखेर ते १४,४०० सुमारे ३४,००० झाले होते. सफाई कामगाराच्या विधवेला चौतीस हजार म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

अशा वेळी खरा आधार पगारपत्रकांच्या नोंदवहीचा. त्या तीन वर्षांचे खंड भांडारगृहात होते, पण छत गळून त्यांतले दोन विटेसारखे एकसंध झाले होते. निधीची खातेकार्डेही त्याच कपाटात होती. राहिला एक संगणक. २००३ साली तो घेतला तेव्हा एका चिकाटीच्या कारकुनाने सर्व जुनी कार्डे फॉक्सप्रोमधल्या खातेवही-प्रणालीत एकेक करून भरली होती. तो कारकून २००९ मध्ये निवृत्त झाला. संगणक होता, पण चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बंद पडत असे.

शिवाय तो कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता. पाच वर्षे झाली म्हणून २००८ मध्ये त्याचे निर्लेखन झाले होते, जडसंग्रह नोंदवहीत त्याच्या क्रमांकावर तांबडी रेघ मारलेली होती. विल्हेवाटीसाठी लिलाव व्हायचा होता तो झाला नाही आणि यंत्र अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात राहिले. निर्लेखित म्हणून वार्षिक देखभाल करारातून ते वगळले गेले. करारात नाही म्हणून कोणी त्याला हात लावीना, आणि अस्तित्वात नाही म्हणून त्यावर एक रुपयाही खर्च करता येईना. यात कोणा एकाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. प्रत्येक सही नियमानुसारच होती, माझीही.

निदानाची सुरुवात आमच्याकडे नेहमी होते तशी झाली, म्हणजे प्रत्येकाने आपल्या आठवणीतला आजार सांगितला. लेखापालांचे मत व्हायरस. त्यालाही कारण होते. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा जंतू जगभर पसरला होता, तो पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून संगणक पुन्हा सुरू करायला लावी, आणि ती मोजणी आमच्या कार्यालयाने पाहिली होती. पण हा संगणक मोजणी दाखवत नव्हता आणि पुन्हा सुरूही होत नव्हता. कोणी बटण दाबल्यासारखा विझत होता. दुसऱ्याचे मत विजेचा दाब. यूपीएस बदलून पाहिला, फरक नाही. मी विंडोजची घटना-नोंदवही उघडली. प्रत्येक वेळी ६००८ क्रमांकाची एकच नोंद: यापूर्वीचे बंद होणे अनपेक्षित होते. विधान सत्य, अचूक आणि संपूर्ण निरुपयोगी. संसदीय प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात मी काही वर्षे घालवली आहेत, त्यामुळे ही शैली मला परकी वाटली नाही.

चकती काढून दुसऱ्या संगणकाला का जोडली नाही, असा प्रश्न जाणकार वाचकाला पडेल. जोडली. धारिका वाचता आल्या, पण त्यांत नावे नव्हती, फक्त संकेतांक आणि आकडे. त्यांतून वर्षवार खाते तयार करणारी प्रणाली समांतर पोर्टात खोचलेल्या एका छोट्या कुलपाशिवाय उघडत नसे, आणि नव्या संगणकांना समांतर पोर्टच नव्हते. शिवाय लेखा कार्यालयाला हवे होते ते प्रणालीतून छापलेले, वर्षवार, स्वाक्षरीचे विवरण. म्हणजे हेच यंत्र, हेच कुलूप आणि कुलपाच्या पाठीला जोडलेला तो करकरणारा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर.

चकती काढली होती तेव्हाच एक उपयोगी गोष्ट ध्यानात आली. चकतीविना यंत्र चालू करून मी बायॉसच्या पडद्यावर ठेवले, तरी ते बावीस मिनिटांत विझले. विंडोज नाही, प्रणाली नाही, धारिका नाहीत, आणि तरी विझते. तेव्हा व्हायरसची आणि चकतीची एकदम सुटका झाली. त्याच पडद्यावर तापमान दिसते. ते ७१ वरून चढत ९० च्या वर गेले. विझल्यावर लगेच चालू केले तर यंत्र दोन मिनिटे टिके. तासाभराने केले तर पुन्हा वीस.

चकती मी मोहोरबंद करून तिजोरीत ठेवली, कारण तिच्यात लोकांचे हिशोब होते, आणि उरलेला डबा घेऊन शिवाजीनगरला जायचे ठरवले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने बाहेर नेण्याच्या पासवर जडसंग्रह क्रमांक मागितला. क्रमांक रद्द झालेला. क्रमांक नसलेली वस्तू आत आलीच कशी, असे त्याने मला अगदी योग्य रीतीने विचारले. शेवटी 'निरुपयोगी डबा, एक' असे लिहून मी सही केली. ही सही नियमात बसत होती असा माझा दावा नाही.

बंगळूरचे शिवाजीनगर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचे शिवाजीनगर उभे राहील. तसे काही नाही. हा जुन्या छावणीचा भाग, इंग्रजी अमलात याला ब्लॅकपल्ली म्हणत. १९२७ चे रसेल मार्केट, सेंट मेरीचे बॅसिलिका, मशिदी, बस स्थानक, आणि मागच्या गल्ल्यांत मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग विकणारी गुजरी. कानावर पडते ती तमिळ आणि दखनी, मराठी जवळपास नाहीच. मराठ्यांचा या शहराशी संबंध मात्र जुना. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि पुढे १६८७ च्या सुमारास एकोजीराजांनी ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवरायाला देण्याचा व्यवहार ठरवला. सांभाळणे परवडत नाही म्हणून विकलेली जुनी मालमत्ता, असे मी मनात म्हटले. असो.

गल्लीतले ते दुकान जेमतेम दोन खाटांएवढे होते. मालक साठीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांची दखनी ऐकून मी चमकलो, कारण तिच्यात आपला 'च' जागोजागी बसलेला होता: 'ऐसाइच', 'अबीच', 'नक्को'. घरापासून दूर राहणाऱ्याला असे एखादे अक्षरही पुरते. मी निदान सांगितले, तापतो म्हणून बंद पडतो. त्यांनी झाकण काढले. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीची गोधडी बसली होती. पंखा फिरत होता, पण हवा आत जायला वाट नव्हती. खालचा उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. पेंटियम ४ तापला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान उतरले नाही तर वीज तोडली जाते. बंद पडण्याआधी यंत्र मंद का होत असे, ते मला तिथे उमगले. त्यांनी ब्रशने पाती साफ केली, जुना लेप स्पिरिटने पुसला, तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. तापमान ५४ वर थांबले.

मी पाकीट काढले. चाचांनी मान हलवली. "साब, गरम होताइच था. मगर मरता उससेच नै." स्वतःजवळची एक जुनी चकती त्यांनी जोडली आणि यंत्राला काम लावले. पस्तीस मिनिटांनी ते पुन्हा विझले. तापमान तेव्हा ५८ होते.

मला मान्य केले पाहिजे की मी एकटा असतो तर पंख्यापाशी थांबलो असतो, कार्यालयात परतून प्रश्न सुटल्याची टिप्पणी लिहिली असती, आणि पुढच्या बिघाडाला नवा बिघाड समजलो असतो. माझ्या सेवाकाळातील किमान दोन विभागीय चौकशा अशाच, पहिला दोषी सापडल्याबरोबर संपल्या होत्या. त्यांतली एक मीच केली होती. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

चाचांनी मल्टिमीटरच्या सुया पिवळ्या आणि काळ्या तारेला लावल्या. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. नुसते असताना ११.७ दाखवत होते. काम लावल्यावर काटा ११.०५ पर्यंत खचला. त्यांनी वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, सोडवला, तारा काढून बराच वेळ तसाच ठेवला आणि मला हात लावू दिला नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा भार बंद केल्यावरही काही काळ राहू शकतो. घरी प्रयोग करणाऱ्या वाचकांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे आणि तो डबा उघडू नये. उघडल्यावर दिसले ते असे: छोट्या कपॅसिटरपैकी तिघांचे डोके टम्म फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. त्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष द्रावणाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत गेले होते आणि काही वर्षांत फुगून फुटले होते. पण चाचांचे म्हणणे वेगळे पडले. असा कपॅसिटर उष्णतेने वाळतो, दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते, आणि हा डबा पेटीतलीच गरम हवा ओढून बाहेर टाकतो. तेव्हा धूळ आणि फुगलेले डोके हे दोन आजार नव्हते, एकाच आजाराची दोन वये होती. वर्षातून एकदा ब्रश फिरवला असता तर बहुधा दुसरे आलेच नसते. ब्रश फिरवणे देखभाल करारात होते.

जुना पण तपासलेला एसएमपीएस त्यांनी ३५० रुपयांना दिला. अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध मी एम.ए.ला अभ्यासला होता: विकणाऱ्याला दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून चांगला माल बाजारातून उठून जातो. मी थोडा साशंक झालो. चाचांनी काही न बोलता यंत्राला दोन तास काम लावले, मला चहा मागवला आणि काटा माझ्याकडे तोंड करून ठेवला. तो ११.९ वर होता. बिल नव्हते. मजुरीसह ५०० रुपये मी खिशातून दिले आणि कोठेही दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चकती जोडली. अनेकदा अवचित वीज गेल्याने प्रणालीच्या अनुक्रमणिका बिघडल्या होत्या, त्या नव्याने बांधायला पन्नास मिनिटे लागली. आम्ही चौघे पडद्याभोवती उभे होतो. विसाव्या मिनिटाला लेखापालांनी घड्याळ पाहिले, बाविसाव्याला मीही पाहिले. सव्वा अकराला प्रिंटर करकरू लागला. छत्तीस महिने, छत्तीस ओळी, प्रत्येकीत ४००, आणि प्रत्येकीसमोर त्या निवृत्त कारकुनाने भरलेला पगारपत्रकाचा व्हाउचर क्रमांक. तोच आधार लेखा कार्यालयाला हवा होता. जूनमध्ये रक्कम मंजूर झाली.

बाई पोचपावतीवर तमिळमध्ये सावकाश सही करून उठल्या. आमच्या शिपायाला त्यांनी काहीतरी विचारले. त्याने मला कन्नडमिश्रित हिंदीत सांगितले: त्यांच्या आळीत आपल्या कार्यालयातून निवृत्त झालेले आणखी एक माळी राहतात, त्यांचेही असेच पैसे कापले आहेत, त्यांचे नाव त्या पेटीत असेल का?

होते. त्या संध्याकाळपासून तीन दिवस आम्ही त्या प्रणालीतली सर्व त्रेचाळीस खाती छापून घेतली.