तीनशे अरूरा आणि एक बहीण

संत अँथनी हे नाव आपल्याकडे ज्यांच्या कानांवर आहे, त्यांना बहुधा पदुआचे अँथनी ठाऊक असतात. मुंबई-गोव्याकडील अनेक चर्चना त्यांचे नाव आहे आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून भाविक त्यांचीच प्रार्थना करतात. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, ते त्यांच्यापूर्वी सुमारे हजार वर्षे होऊन गेलेले, इजिप्तच्या वाळवंटातील एकांतवासी तपस्वी होत. पदुआच्या संतांचे मूळ नाव फर्नांदो. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना त्यांनी या प्राचीन तपस्व्याचे नाव धारण केले.

निवृत्तीनंतर अन्य धर्मांतील त्यागी पुरुषांची चरित्रे वाचण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. अँथनींचे चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी ग्रीक भाषेत लिहिले. अँथनी इ. स. 356 मध्ये निवर्तले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा ग्रंथ सिद्ध झाला. लेखक चरित्रनायकाला प्रत्यक्ष भेटलेला होता, ही गोष्ट माझ्यासारख्या कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला महत्त्वाची वाटते. चित्रकारांनी मात्र या ग्रंथातून एकच प्रसंग उचलला. ओसाड थडग्यात राहणाऱ्या अँथनींवर सैतान सिंह, सर्प, विंचू अशी रूपे घेऊन तुटून पडतो, हा तो प्रसंग. युरोपात त्यावर शतकानुशतके चित्रे निघाली. माझे लक्ष मात्र पहिल्या काही पानांवरच खिळून राहिले, कारण तेथे जमिनीचा हिशेब आहे.

अँथनींचा जन्म सुमारे 251 सालचा. आईवडील सुखवस्तू ख्रिस्ती होते. ते वारले तेव्हा अँथनी अठरा-वीस वर्षांचे होते आणि मागे एक लहान बहीण. सहा महिन्यांच्या आतच एके दिवशी चर्चमध्ये त्यांच्या कानी शुभवर्तमानातील तो भाग पडला, ज्यात येशू एका धनिक तरुणाला सर्वस्व विकून गरिबांना देण्यास सांगतात. हे आपल्यालाच उद्देशून आहे, असे मानून अँथनी तडक बाहेर पडले. वडिलोपार्जित तीनशे अरूरा जमीन त्यांनी गावकऱ्यांना देऊन टाकली. अरूरा हे इजिप्तचे जुने माप. आपल्या हिशेबाने ही जमीन दोनशे एकर भरते. आणि नाईलच्या गाळाची दोनशे एकर म्हणजे काय, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. घरातील चीजवस्तू विकून आलेला पैसा गरिबांना वाटला. बहिणीपुरती थोडी रक्कम तेवढी मागे ठेवली.

येथवर सारे समजते. पुढे ते पुन्हा चर्चमध्ये गेले आणि उद्याची चिंता करू नये, अशा अर्थाचे वचन ऐकले. त्यासरशी बहिणीसाठी ठेवलेली ती रक्कमही त्यांनी वाटून टाकली. बहिणीला विश्वासू व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले आणि स्वतः तपाच्या वाटेला लागले.

माझी धाकटी बहीण पतीच्या निधनानंतर आमच्याकडेच असते. संध्याकाळी मी वाचलेले तिला सांगतो. हा भाग ऐकून तिने विचारले, "दादा, त्या मुलीला कोणी विचारलं होतं का?"

मी म्हणालो, "ग्रंथात तसा उल्लेख नाही."

"म्हणजे नाही विचारलं," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

तिच्या या वाक्यापुढे मला काही दिवस पुस्तक मिटून ठेवावे लागले. नोकरीत असताना मृत खातेदाराच्या ठेवींचे दावे माझ्या टेबलावर येत. वारसांपैकी बहिणी येत आणि भावाच्या नावे रक्कम देण्यास आपली हरकत नाही, अशा कागदावर सही करीत. आधी वाचून पाहा, असे मी प्रत्येकीला सांगत असे. बहुतेकींचे उत्तर ठरलेले: "वाचायचं काय त्यात, कुठं करायची सांगा." त्या भावांपैकी कोणी विरक्त होऊन निघालेले नव्हते, हे खरे. पण अथनेशियस लिहितात की, जमिनीचे लोढणे स्वतःच्या आणि बहिणीच्याही गळ्यात राहू नये म्हणून अँथनींनी ती देऊन टाकली. बहिणीचे लोढणे कोणते, हे येथेही भावानेच ठरवले.

अपरिग्रहाचे संस्कार घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना अँथनींचा त्याग परका वाटत नाही. प्रश्न त्यागाचा नाही, आश्रितांच्या तरतुदीचा आहे. माझ्या शाखेत एक गृहस्थ दीक्षेपूर्वी सर्व खाती बंद करण्यास आले होते. शांतपणे एकेक पासबुक पुढे सरकवीत होते. मात्र वृद्ध आईच्या नावे एक मुदत ठेव ठेवून गेले, तिचे व्याज दरमहा आईला मिळावे म्हणून. त्यांच्या वैराग्यात त्यामुळे काही न्यून राहिले, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

अँथनींच्या नावावर एक गोष्ट सांगतात. एका साधूने संसार सोडला, पण थोडे धन स्वतःजवळ राखले. अँथनींनी त्याला गावातून मांस आणून उघड्या अंगावर बांधून येण्यास सांगितले. वाटेत कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी त्याला ओरबाडले. धन राखणाऱ्या त्यागी माणसाचे असेच होते, हा त्यांचा बोध. उदाहरण आपल्या कानांना रुचणार नाही. मुद्दा मात्र कळतो. पण त्या साधूने राखले होते ते स्वतःसाठी. बहिणीसाठी ठेवलेली रक्कम त्याच खात्यात कशी जमा करावी?

अथनेशियस यांनी तसेच केले आहे. नवतपस्वी अँथनींना सैतानाने प्रथम कोणती प्रलोभने दाखवली, याची यादी ते देतात. तिच्यात संपत्तीची आठवण आहे, नातलगांची ओढ आहे, पैशाचा आणि कीर्तीचा लोभ आहे आणि या सर्वांच्या सोबत बहिणीची काळजीही आहे! मला वाटते, चरित्रकाराला नकळत येथे एक सत्य नोंदले गेले. ज्याने बहिणीला निर्धास्तपणे मागे टाकले, त्याच्या मनात तिची काळजी सैतानालाही उभी करता आली नसती.

पुढची वर्षे भराभर सांगता येतात. थडग्यातून नाईलपलीकडच्या एका पडक्या गढीत अँथनी गेले आणि तेथे सुमारे वीस वर्षे स्वतःला कोंडून राहिले. सहा महिन्यांच्या भाकरी एकदम आत घेत. अखेर लोकांनी दार मोडले, तेव्हा ते ना स्थूल झालेले होते, ना कृश. तोवर त्यांच्या मागोमाग माणसे वाळवंटात राहायला येऊ लागली होती. 311 च्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होताच एकांत सोडून ते अलेक्झांड्रियात गेले आणि बंदिवानांची सेवा केली. नंतर तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात राहिले. लोक तेथेही भाकरी पोचवू लागले. त्यांना हा त्रास नको म्हणून त्यांनी कुदळ, कुऱ्हाड आणि थोडे बियाणे मागवून घेतले आणि शेत केले. रानातील जनावरे पिकाची नासधूस करीत. अँथनींनी त्यांतील एकाला हळुवारपणे धरले आणि मी तुम्हाला इजा करीत नाही, मग तुम्ही मला का करता, असे विचारून सोडून दिले. हा प्रसंग माझ्या बहिणीला फार आवडला. येणाऱ्यांनी काही आणले, तर त्याच्या बदल्यात ते स्वतः विणलेली टोपली देत. जमेला नावे लागलेच पाहिजे, हे तत्त्व वाळवंटातही पाळणारा हा माणूस मला अधिक जवळचा वाटला.

सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या पुत्रांचे पत्र आले, तेव्हा शिष्य हरखून गेले. अँथनी म्हणाले की सम्राट झाला तरी तोही माणूसच. उत्तरात त्यांनी न्यायाची आणि गरिबांची आठवण करून दिली.

चाळीसहून अधिक वर्षांनी, डोंगरातून साधूंना भेटण्यास आले असता, अँथनींनी बहिणीला पाहिले. ती वृद्ध झाली होती आणि इतर व्रतस्थ स्त्रियांची प्रमुख झाली होती. अँथनींना आनंद झाला, एवढेच अथनेशियस लिहितात. तिला काय वाटले, हे नाही. संबंध ग्रंथात तिचे नावही नाही.

हे मी सांगितले, तेव्हा आमच्या ताई क्षणभर थांबल्या. "प्रमुख झाली ना? मग ती स्वतःच्या हिमतीवर झाली," एवढे म्हणून त्यांनी पुढे वाचायला सांगितले.

अँथनी 105 वर्षे जगले. थोरांचे देह गुंडाळून घरात जपून ठेवण्याची रीत इजिप्तमध्ये होती. ती त्यांना मान्य नव्हती. अखेरच्या काळात सोबत असलेल्या दोघा शिष्यांना त्यांनी देह गुप्तपणे पुरण्यास सांगितले आणि मालमत्तेची वाटणी केली. मेंढीचे एक कातडे आणि अंगाखाली अंथरायचे वस्त्र अथनेशियस यांना द्यायचे. ते वस्त्र त्यांनीच नवे असताना दिले होते, आता ते जीर्ण झाले होते. दुसरे कातडे बिशप सेरापियन यांना आणि केसांचे वस्त्र त्या दोघांना. शिष्यांनी सांगितल्याप्रमाणे केले आणि देह कोठे पुरला, हे त्या दोघांखेरीज कोणालाही कळले नाही.