इथे मला का आणलंस?

जिओकॅश चांगला की वाईट, हे ठरवायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे: डबा सापडला नसता, तरी इथे आल्याचं समाधान वाटलं असतं का?

खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेचच डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवली. आत पुस्तकं, गलोल, अगदी बीन्सचा डबासुद्धा!

नोकरीसाठी अमेरिकेत आले तेव्हा माझं शहर म्हणजे ऑफिस, घर आणि इंडियन स्टोअर. वीकेंडला बोलायला कुणी नाही. तेव्हा एका जिओकॅशने मला दुकानांच्या मागच्या ओढ्यापर्यंत चालवत नेलं. तिथे जुन्या गिरणीचा फक्त पाया उरलाय. लपवणाऱ्याने तिची गोष्ट चार ओळींत लिहिली होती. वाटलं, इथलं कुणीतरी आपल्याला हाताला धरून काही दाखवतंय. त्या दिवशी शहर थोडं माझं झालं.

उलट अनुभव पार्किंगमधला. दिव्याच्या खांबाच्या बुडाशी असलेलं झाकण उचला, खाली डबी, डबीत भिजलेला कागद. सही करा, निघा. इथे बोलावण्यामागे कारणच नसतं. खांब मोकळा होता, एवढंच.

असं का होतं? आम्ही कोड लिहिणारे हे रोज बघतो: जे मोजाल, ते वाढतं. प्रोफाइलवर सापडलेल्या डब्यांचा आकडा झळकतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे, नेवाडाच्या ई. टी. हायवेवर लोकांनी जेमतेम तेवढं अंतर ठेवत हजाराहून जास्त डब्या पेरल्या. मित्रांबरोबर गाडीतून त्या वेचण्यात मजा असेलही. पण त्यातली एक तरी डबी वेगळी आठवेल का?

सुधारणा दोन्हीकडून व्हायला हवी. लपवणाऱ्याने पाणी न शिरणारा डबा घ्यावा, काठिण्य प्रामाणिकपणे लिहावं, आणि पावसाळ्यानंतर तिथे जाऊन यावं. शोधणाऱ्याने नुसतं 'थँक्स' कॉपी-पेस्ट करू नये. पैसे भरणाऱ्या सदस्यांना दहा डब्यांमागे एक फेवरिट पॉइंट देता येतो. तो विचार करून द्यावा. लपवणारा हे फुकट करतो. त्याला मिळणारा मोबदला म्हणजे आपण लिहिलेल्या दोन ओळी.

मी स्वतः आजवर एकच डबा लपवलाय. वर्णन लिहिण्याआधी त्या जागी डब्याशिवाय तीनदा बसून आले. तिसऱ्यांदाही उठावंसं वाटेना, तेव्हा ठरवलं: इथे कुणालातरी आणायला हरकत नाही.