पहिलीतल्या लेकीसाठी टॅब शोधताना

पुण्याहून भावाचा फोन आला. "ताई, भाचीसाठी टॅब घे. लहान मुलांचे वेगळे येतात म्हणे. पैसे मी टाकतो, निवड मात्र तूच कर." लेक तेव्हा पहिलीत जायची होती. मी घरी शिवणकाम करते. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, वायफाय नाही. नेट आहे ते माझ्या आणि लेकीच्या बाबांच्या फोनमधलं. फोनवरून पैसे पाठवणं, ब्लाऊजचे गळे शोधणं मला जमतं. टॅब मात्र कधी हातात धरला नव्हता. 'लहान मुलांचा टॅब' म्हणजे नेमकी कोणती वस्तू, इथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

यवतमाळच्या बाजारात पहिल्यांदा शिरले ती खेळण्यांच्या दुकानात. तिथे टॅब म्हणून प्लॅस्टिकची रंगीत पाटी पुढे आली. बटण दाबलं की इंग्रजी अक्षर बोलते, गाणं वाजवते. किंमत पाहून जीव हरखला. पण खोक्यावर आयएसआयचं चिन्ह कुठेच सापडेना. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचं आहे, विजेवर नि सेलवर चालणाऱ्या खेळण्यांवरसुद्धा. एवढं मला ठाऊक होतं, कारण अंगणवाडीसाठी खेळणी घेताना सेविकाताई ते आधी बघतात. चिन्ह नाही म्हटल्यावर ती पाटी तिथेच ठेवली.

त्याच दुकानात दुसरा 'टॅब' होता, काळ्या पडद्यावर काडीने लिहायचं आणि बटण दाबून पुसायचं. ही एलसीडी पाटी मला खरंच आवडली. तिला मागून उजेड नसतो, त्यामुळे डोळ्यांत चमक जात नाही, आणि गिरवायला कागद लागत नाही. फक्त तिच्यात रुपयाएवढा चपटा सेल असतो. तसा सेल लेकराने गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांतच गंभीर भाजू शकतं, त्यामुळे सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावं. मी पाहिलं, झाकण घट्ट होतं, पाटी घेतली. आजही लेक तिच्यावर रोज गिरवते. पण भाऊ म्हणत होता तो टॅब हा नव्हे, एवढं मला कळत होतं.

मोबाइलच्या दुकानात गेले तेव्हा खरी धांदल उडाली. रॅम, स्टोरेज, इंच, एमएएच असे शब्द एकामागून एक येत होते. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, समजावून सांगत होता. "ताई, लेकरासाठी पायता ना? मंग हा घ्या. सिम पडते, कॉलिंग होते."

"लेकराले कॉलिंग कायले पायजे?"

"तिले नाही लागत, पण घरात कामी येते ना जी."

त्याच्या या बोलण्यावर मी घरी येऊन फार विचार केला. घरात कामी येणारी वस्तू मोठ्यांची होते. आज बाबा बाजारभाव पाहतील, उद्या काका क्रिकेट लावतील, आणि त्यांच्याच खात्यातले व्हिडिओ मग लेकीसमोर आपोआप येत राहतील. मला हवी होती ती फक्त तिच्या वयाची वस्तू. म्हणून सिमचा टॅब बाद केला. नुसत्या वायफायवर चालणारा टॅब दोन-तीन हजारांनी स्वस्तही पडत होता. दुकानदार म्हणाला, "पण ताई, तुमच्या गावात वायफाय कुठी हाय?" नाही, हेच तर मला हवं होतं. माझ्या फोनचा हॉटस्पॉट मी चालू केला तरच त्या टॅबला नेट, बंद केला की टॅब जगापासून वेगळा. दिवसभर कपडे शिवताना मला लेकीच्या मागे मागे फिरता येत नाही; हे एक बटण मात्र माझ्या हातात राहतं. शहरातल्या घरात चोवीस तास वायफाय असतं, तिथल्या आईला ही सोय नाही.

मग 'लहान मुलांचे' टॅब वेगळे ते कशाने? अमेरिकेत राहणाऱ्या एका नातलगाने सांगितलं की तिकडे अ‍ॅमेझॉनचे फायर किड्स नावाचे टॅब २०१४ पासून मिळतात. त्याला जाड रबरी कव्हर, दोन वर्षांत फुटला तर बदलून देण्याची हमी आणि मुलांच्या पुस्तकांची-खेळांची वर्गणी असं सगळं एकत्र येतं. यवतमाळच्या एकाही काउंटरवर मला तो दिसला नाही. इथे साधेच अँड्रॉइड टॅब मिळतात आणि त्यांना लहान मुलांचं बनवावं लागतं. सॅमसंगच्या टॅबमध्ये 'सॅमसंग किड्स' नावाची जागा आधीपासून असते. त्यात शिरलं की मुलाला तेवढंच दिसतं आणि बाहेर यायला आईचा पिन लागतो. काही लेनोवो टॅबमध्ये गूगलचं 'किड्स स्पेस' असतं. हे कोणतंच नसलं तरी कुठल्याही अँड्रॉइडवर गूगलचं 'फॅमिली लिंक' चालतं: लेकीच्या नावाचं बालखातं काढायचं, ते आपल्या फोनशी जोडायचं, मग किती वेळ चालवायचं, किती वाजता पडदा बंद व्हायचा, कोणतं अ‍ॅप टाकायचं हे आपण आपल्या फोनवरून ठरवायचं. हे जोडायला मला दुकानातल्या पोराचीच मदत घ्यावी लागली, आणि बालखात्यात जन्मतारीख खरीच टाका असं त्याने आवर्जून सांगितलं. ती खोटी टाकली तर पुढचं सगळं कुलूप मोठ्या माणसाच्या मापाचं होतं.

याशिवाय सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिन' म्हणून एक सोय असते. एकच गोष्ट उघडून ती पडद्यावर खिळवून ठेवता येते. पिन टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

यंत्राचं बोलायचं तर थोडक्यात सांगते. आठ-नऊ इंची पडद्याचा टॅब सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा असतो, दहा-अकरा इंची अर्धा किलोच्या आसपास जातो; सहा वर्षांच्या मनगटाला पहिलाच बरा. ६४ जीबीपेक्षा कमी जागेचा घेऊ नये, कारण त्यातली बरीच जागा अँड्रॉइड स्वतःच खातं, आणि आपल्याला पुस्तकं साठवायची असतात. मेमरी कार्डाची खाच असावी. अँड्रॉइड जुनं तर नाही ना, सुरक्षा अपडेट अजून किती वर्षं येणार, हे विचारावं. आणि कव्हर आधी विचारावं, टॅब नंतर. हँडलचं जाड फोमचं कव्हर त्याच मॉडेलच्या मापाचं लागतं. मी पाहिलेल्या एका स्वस्त टॅबला तसं कव्हर कुठेच मिळत नव्हतं. दुरुस्तीला तो जिल्ह्यातच राहील की अमरावती-नागपूरला पाठवावा लागेल, हेही विचारून घ्यावं.

आमच्याकडचा उन्हाळा विसरून चालत नाही. टॅब साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं कंपन्या सांगतात. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ला टेकतो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. आम्ही दुपारी तो चालवत नाही आणि चार्जिंगलाही लावत नाही. चार्जिंग सकाळी, लाइन असेल तेव्हा.

हे सगळं ठरत असताना पुसद तालुक्यातल्या मामेबहिणीशी बोलणं झालं, आणि तिने मला बांशीची आठवण करून दिली. पुसद तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने २०२२ च्या नोव्हेंबरात ठराव केला होता की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही; आधी समजावायचं, ऐकलं नाही तर दोनशे रुपये दंड. "अन् तू सहा वर्षांच्या पोरीले टॅब घेतं?" ती म्हणाली. तिचं बोलणं मनाला लागलं, कारण बांशीच्या लोकांचं कारण मला पटतं. करोनाच्या काळात शाळेसाठी म्हणून फोन लेकरांच्या हाती आला आणि शाळा उघडल्यावरही सुटला नाही. खेळ आणि भलतेसलते व्हिडिओ सुरू झाले. हे आमच्याही गावात घडलं आहे. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला बसतात. मला वडगावची वाट जास्त जवळची वाटली, कारण तिथे मोठ्यांचेही फोन बंद होतात.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना. तिचं सांगणं असं, की दोन वर्षांखाली पडदा नकोच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. आम्ही अर्धाच तास ठरवला, संध्याकाळी, माझी मशीन बंद झाल्यावर, माझ्या शेजारी बसून. हेडफोन नाही, आवाज मलाही ऐकू आला पाहिजे. मामेबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असं असन तर ठीक हाय." तिच्या त्या बोलण्याने मला भावाच्या पैशांपेक्षा जास्त धीर आला.

शेवटी आठ-नऊ इंची, वायफायचा टॅब घेतला. पण मला सांगायचं आहे ते यापुढचंच. टॅब लहान मुलांचा होतो तो त्यात आपण काय भरतो त्यावर, आणि आमच्या जिल्ह्यात ते नेट बंद असताना चालणारं आणि लेकराच्या भाषेतलं असावं लागतं. दुकानात उघडून दाखवलेले जवळपास सगळे खेळ इंग्रजीत होते, मधेमधे जाहिराती. ते एकही घेतले नाहीत. भावाने रात्री फोनवर बसून मला एकेक गोष्ट दाखवली. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपने टिपला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो आणि तो उतरवून ठेवता येतो. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे. तिथल्या मराठी चित्रकथा उतरवून घेतल्या की नेट नसतानाही वाचता येतात. गूगलचं 'रीड अलाँग' २०१९ मध्ये हिंदी-इंग्रजीत 'बोलो' नावाने आलं, पुढच्या वर्षी त्यात मराठी आली. लेक मोठ्याने वाचते आणि ते ऐकून अडलेला शब्द सांगतं. आणि 'किशोर'! १९७१ पासूनच्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. लेकीला ते अजून वाचता येत नाहीत, मीच वाचून दाखवते. माझ्या लहानपणी आमच्या घरी 'किशोर' कधी येत नव्हतं. आता माझ्या जन्माआधीचा अंक लेकीला मांडीवर घेऊन वाचते, तेव्हा भावाचे पैसे कुठे लागले ते मला दिसतं.

शेजारच्या तांड्यावरची एक बाई माझ्याकडे शिवायला येते. तिचा मुलगा लेकीच्याच वर्गात. एकदा तो टॅबसमोर बसला, चित्रं डोळे भरून पाहिली, पण गोष्टीतलं अर्धं त्याला उमगेना. घरी ते गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. त्याच्या आईने मला विचारलं, "ताई, आमच्या बोलीतलं हाय का यात काई?" आमच्या टॅबमध्ये काहीच नव्हतं. दिग्रस, पुसद, दारव्हा या पट्ट्यात इतकी लेकरं गोरमाटी बोलत शाळेत येतात, आणि त्यांच्या आईचा प्रश्न किती साधा होता! तेव्हा आवाज टिपण्याची सोय उघडली आणि तिच्या सासूबाईंना बोलावून आणलं. आधी त्या लाजल्या, मग कोल्ह्याची एक लांबलचक गोष्ट सांगितली, मधे गाऊनही दाखवलं. नेट लागलं नाही, पैसे लागले नाहीत. मुलगा ती पुन्हापुन्हा लावतो, आणि माझ्या लेकीला आता त्यातले बरेच शब्द येतात.

आजीबाईंनी दुसरी गोष्ट सोयाबीन निघाल्यावर सांगायचं कबूल केलं आहे. घाटंजीकडे माझ्या ओळखीची एक कोलाम बाई आहे, तिला कोलामी गाण्यांचं विचारणार आहे. कार्डावर जागा भरपूर आहे.