थाई ताटातली आमची सुकट

आमच्या धाकट्या कन्येला ठाण्यातील एका कंपनीत नोकरी लागली. पहिला पगार हाती येताच तिने जाहीर केले, "पप्पा, या रविवारी मी सगळ्यांना थाई हॉटेलात जेवायला नेणार!" आम्ही पडलो कारकून. बाहेरचे खाणे म्हणजे मिसळ, फार तर बिर्याणी. मनात आधी हिशेब उभा राहिला. परंतु पोरीच्या पहिल्या पगाराचा मान राखणे भाग होते. गावाहून आलेली आमची आई, वय वर्षे ७०, तीही तयार झाली. "बुद्धाला मानणाऱ्या देशातलं जेवण हाय, मग बघाय नको व्हय?" असे म्हणत तिने ठेवणीतले पांढरे लुगडे नेसले.

कल्याणहून लोकलने ठाणे गाठले आणि पुढे रिक्षा केली. वाटेत आमच्या सहचारिणींनी विचारले, "बौद्ध देश, म्हणजे सगळं शाकाहारीच असेल का हो?" तसे मुळीच नाही. थायलंडमध्ये मासे-मटण घरोघरी खातात. भिक्खूही भिक्षापात्रात जे पडेल ते स्वीकारतात. फक्त दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत.

हॉटेलात शिरताना आम्हाला खरी धास्ती होती ती काट्या-चमच्याची. परंतु वाढपी मुलगा मोठा अगत्यशील. त्याने हिंदीतून सांगितले की, थाई लोकांना जेवताना सुरी लागत नाही. डाव्या हातातील काट्याने घास उजव्या हातातील चमच्यात लोटायचा आणि चमच्याने खायचा. काड्या मुख्यत्वे नूडल्ससाठी. आईने विचारले, "आन् हातानं खाल्लं तर?" तो हसून म्हणाला, "आजी, आरामात खा." थायलंडच्या ईशान्य भागात चिकट भाताचे गोळे लोक हातानेच खातात, हे आम्हाला पुढे वाचनात आले.

आम्ही हिरवी करी, सुवासिक भात आणि 'सोम तम' मागवले. करीत नारळाचे दूध, हिरवी मिरची आणि चक्क आपला गवती चहा! आपण तो चहात घालतो, ते वाटणात घालतात. सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. लसूण, मिरची, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू आणि ताडगूळ खलात कुटून त्यात पपईचा कीस घालतात. पहिला घास घेताच आई थबकली. मग मोठ्याने म्हणाली, "आरं, ही तर आपली सुकट!"

खरेच होते. त्यात वाळवलेली बारीक कोलंबी होती. शिवाय मासळी मिठात मुरवून काढलेला रसही. त्या देशात हा रस घराघरांत मिठाच्या जागी वापरतात.

आम्ही हसलो, पण कन्या गप्प झाली. काही वेळाने म्हणाली, "पप्पा, ऑफिसात मी सुकटीची चटणी नेली होती. एकीने नाकाला रुमाल लावला. तेव्हापासून मी बटाट्याची भाजीच नेते." आमचा घास हातातच राहिला. काही वर्षांपूर्वी भाड्याची खोली शोधताना एका घरमालकाने "सुकट-बोंबील चालणार नाही" म्हणून आम्हाला परत पाठवले होते. त्याला अडचण वासाची होती की आमच्या आडनावाची, हे आम्ही ओळखून होतो. पोरीला ते कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले.

सोम तमचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. थायलंडचा ईशान्य भाग, इसान, हा कोरडवाहू आणि गरीब मुलूख. तेथील माणसे पोटासाठी बँकॉकला आली. बांधकामावर राबली, टॅक्सी चालवू लागली. त्यांच्याबरोबर हा पदार्थही शहरात आला आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर विकला जाऊ लागला. आज तो जगभरच्या थाई हॉटेलांत मानाने वाढला जातो.

बिल झाले १,४८० रुपये. आई म्हणाली, "येवढ्यात वर्षाची सुकट आली असती!" कन्येने हसत पैसे दिले. घरी परतताना तिनेच आजीला सांगितले, "उद्या डब्याला सुकटीची चटणी कर."

वाचक भगिनींनी घरीही करून पाहावे. कच्च्या पपईचा कीस, भाजलेली सुकट, शेंगदाणे, लसूण-मिरची, गूळ आणि लिंबू. खर्च फार नाही. आणि बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांच्या डब्यात काय असते, ते कुठे बसून डबा खातात, याचीही एकदा मायेने चौकशी करा. आम्ही ती उशिरा केली.