हातमोज्याअभावीं

आमचा एक पुतण्या वैद्यकी शिकतो. त्यामुळें युद्धांतील रुग्णालयांची वार्ता वाचतांना आमचें लक्ष खाटा व औषधें यांपेक्षां तेथील डॉक्टरांकडे अधिक जातें. औषधें संपलीं तर मागवितां येतील. डॉक्टर संपला तर?

चीन-जपान युद्धाचेंच पाहा. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून उत्तर चीनच्या आघाडीवर खेडोपाडीं, मिळेल त्या जागेंत शस्त्रक्रिया करीत. रबरी हातमोजे संपलेले. १९३९ सालीं शस्त्रक्रिया करतांना त्यांचें बोट कापलें, जखम चिघळली, विष रक्तांत भिनलें आणि १२ नोव्हेंबरला ते वारले. एक हातमोजा, वाचकहो!

त्यांच्या नांवाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्यें सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांकडे आली. १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच भारतीय डॉक्टरांपैकीं ते एक. वडील निवर्तल्याची वार्ता त्यांना तिकडेच कळली. ते परतले नाहींत. घरांत वडीलकीच्या जागीं बसणाऱ्या आमच्यासारख्यांची लेखणी येथें अडते. चिनी भाषा शिकून त्यांनीं तेथील विद्यार्थ्यांना शल्यविद्या शिकविली, कारण बाहेरून डॉक्टर येण्याची वाट पाहात जखमी थांबत नाहींत. पुढें अपस्माराचे झटके येऊं लागले, तरी काम सुटलें नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ते गेले. मुलगा अवघ्या कांहीं महिन्यांचा होता. विद्यार्थ्यांसाठीं लिहावयास घेतलेलें शल्यविद्येचें पुस्तकही अर्धेंच राहिलें.