जखमींचा सोबती

कुत्रा माणसाला जीव लावतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत. सायमन नावाच्या एका बोक्याचे घर म्हणजे एक युद्धनौका होती. त्याने जीव लावला तो त्या नौकेला की तिच्यावरील माणसांना, हे सांगणे कठीण आहे.

१९४८ सालच्या मार्च महिन्यात हाँगकाँगच्या गोदीत जॉर्ज हिकिनबॉटम या १७ वर्षांच्या ब्रिटिश खलाशाला तो आढळला. हा काळापांढरा बोका उपासमारीने रोडावलेला आणि आजारी होता. जॉर्जला त्याची दया आली व त्याने त्याला गुपचूप आपल्या ‘ॲमेथिस्ट’ नौकेवर आणले. मांजरी आपली पिले सात घरे फिरवते म्हणतात. याला आठवे घर मिळाले ते पाण्यावरचे! पोटभर अन्न मिळू लागताच सायमन सुधारला. उंदीर मारावेत आणि कप्तानाच्या टोपीत अंगाचे मुटकुळे करून झोपावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. ज्या टोपीपुढे सारे खलाशी अदबीने उभे राहत, ती याची गादी झाली.

चीनमध्ये त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. २० एप्रिल १९४९ रोजी ॲमेथिस्ट यांगत्से नदीतून शांघायहून नानजिंगकडे जात असता काठावरील कम्युनिस्ट सैन्याच्या तोफांनी तिच्यावर भडिमार केला. कितीतरी खलाशी ठार झाले. कप्तान स्किनर यांना प्राणांतिक जखमा झाल्या. एक गोळा कप्तानाच्या खोलीवर आदळला, आणि सायमन तेथेच होता.

होरपळलेल्या, रक्ताने माखलेल्या स्थितीत तो सरपटत डेकवर आला. त्याला नौकेवरील दवाखान्यात नेण्यात आले. तेथे जखमी माणसांचीच इतकी दाटी होती, की मांजराकडे पाहण्यास सवड कोणाला असावी? तरीही सवड काढली गेली. त्याच्या जखमा धुण्यात आल्या. अंगात घुसलेले गोळ्याचे चार तुकडे काढण्यात आले. तो ती रात्र काढील, अशी आशा मात्र कोणालाच नव्हती.

सकाळ झाली, आणि सायमन जिवंत होता.

त्याच्या मिशा जळून गेल्या होत्या. मांजराच्या मिशा ही काही नुसती शोभा नव्हे. अंधारात वाट चाचपण्याचे ते साधन आहे. पण स्वस्थ पडून राहण्याचे दिवस नव्हते. वाळूत रुतलेली नौका पुढे मोकळी झाली, तरी तोफांच्या पहाऱ्यामुळे तिला हलता येईना. उकाडा असह्य होता. अन्न तुटपुंजे, आणि त्यातही उंदरांचा सुळसुळाट! अंगात थोडी शक्ती येताच सायमन पुन्हा शिकारीला लागला.

शिकार झाली की तो दवाखान्यात जाई आणि पोरसवद्या खलाशांच्या अंथरुणावर जाऊन बसे. खरे पाहता, मांजर कर्तव्य म्हणून काही करीत नाही. उंदीर दिसला म्हणून ते झडप घालते, ऊब हवी म्हणून कुशीत शिरते. पण ज्याने आपले मित्र डोळ्यांदेखत गमावले होते, त्या मुलाला मांजराच्या हेतूशी काय करायचे होते? आपल्यासारखाच पोळलेला एक जीव जवळ येऊन घुरघुरतो आहे, एवढे त्याला पुरे होते.

तीन महिने लोटले. ३० जुलैच्या रात्री नवे अधिकारी केरन्स यांनी काळोखाचा फायदा घेऊन नौका निसटवली व समुद्र गाठला. सायमनचे नाव सर्वतोमुखी झाले. युद्धात पराक्रम गाजविणाऱ्या प्राण्यांसाठी १९४३ साली सुरू झालेले डिकिन पदक त्याला जाहीर झाले. आजवर हे पदक दुसऱ्या कोणत्याही मांजराला मिळालेले नाही.

परदेशातून येणाऱ्या प्राण्यांना काही महिने वेगळे ठेवण्याचा इंग्लंडमध्ये तेव्हा कडक नियम होता. पराक्रमी बोक्यालाही त्यातून सुटका नव्हती. नौका मायदेशी पोहोचताच सायमनची सोबत्यांपासून ताटातूट झाली. त्या एकांतवासात त्याला ताप आला. जखमांनी खंगलेल्या शरीराला तो सोसवला नाही. पदकाचा समारंभ ११ डिसेंबरला व्हावयाचा होता. २८ नोव्हेंबरला सायमनने प्राण सोडला.

लंडनजवळ इल्फर्ड येथे प्राण्यांची एक दफनभूमी आहे. तेथे त्याची समाधी आहे.